चिपळूण-गुहागर पट्ट्यात पहिला रिपीटर उभारायचाय, सल्ला हवा

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. चिपळूण, खेड, गुहागर या पट्ट्यात आम्ही मोजके परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, आहोत. २ मीटरच्या पट्टीवर (१४४-१४६ मेगाहर्ट्झ) शहरातल्या शहरात हँडीने, म्हणजे हातातल्या छोट्या सेटने, गप्पा होतात, पण मध्ये एखादा डोंगर आला की सगळं शांत. गुहागरच्या दोघांचा तर आवाजच इकडे पोचत नाही.

२२ जुलै २०२१ चा पूर इथे कुणी विसरलेलं नाही. आधी वीज गेली, मग मोबाईल गेले. बाजारपेठेत माळ्यावर अडकलेला माणूस जिवंत आहे की नाही हे खेर्डीत बसलेल्या घरच्यांना कळत नव्हतं. तेव्हापासून मनात आहे की आपला स्वतःचा रिपीटर, म्हणजे ऐकलेलं उंचावरून पुन्हा प्रसारित करणारं यंत्र, हवा.

जागा मिळतेय. ओळखीच्यांची काजूची बाग आहे, टेकडी समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटर, वर पंपाची खोली आणि वीज आहे. वर्गणीही जमतेय. आता प्रश्न असा की पैसे आधी कशात घालायचे? २५ वॅटचा सेट पुरेल की ५० चा घ्यावा? डुप्लेक्सर फार महाग पडतोय, त्याऐवजी दोन वेगळ्या अँटेना लावल्या तर चालेल का? कागदपत्रांची वाट कुठून सुरू होते?

अँटेनाकाका
अभिनंदन! कोकणात याची फार गरज आहे.

वॅटचा विचार सगळ्यात शेवटी करा. रिपीटर २५ वॅटने बोलणार आणि तुमची माणसं ५ वॅटच्या हँडीने, तीही रबरी अँटेनावर, बऱ्याचदा घराच्या आतून. म्हणजे रिपीटर लोकांना ऐकू येईल, पण लोक त्याला ऐकू जाणार नाहीत. ५० वॅट केलेत तर ही तफावत आणखी वाढेल. असे रिपीटर मी पाहिलेत: लांबवर बीप खणखणीत येतो, लोक हाका मारून थकतात आणि रिपीटरला पत्ताच नसतो. सगळा पैसा रिसीव्हरच्या बाजूला घाला, म्हणजे उंची, अँटेना, केबल आणि डुप्लेक्सर.

उंचीचं गणित सोपं आहे. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, की रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. ३०० मीटरला ७१ किमी. पण हे समुद्राच्या बाजूला खरं. वाशिष्ठीच्या खोऱ्यात प्रत्येक वळणावर डोंगर आडवा येतो, तिथे हे सूत्र चालणार नाही. 'रेडिओ मोबाईल' नावाची फुकट आज्ञावली आहे, तीत उंचसखलपणाचा नकाशा घालून टेकडीवरून काय काय दिसतं ते आधी बघा.

नवशिक्या_७३
प्रश्न बाळबोध वाटेल, पण डुप्लेक्सर नेमकं करतो काय? माझी परीक्षा नुकतीच झाली, पुस्तकात दोन ओळीच होत्या.

सोल्डरवाला
अजिबात बाळबोध नाही, सगळा रिपीटर याच प्रश्नावर उभा आहे.

रिपीटर एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर बोलतो. २ मीटरवर या दोघींत ६०० किलोहर्ट्झचंच अंतर असतं. उदाहरणार्थ १४५.१०० वर ऐकणार आणि १४५.७०० वर बोलणार. लग्नाच्या मांडवात स्पीकरशेजारी बसून समोरच्याची कुजबुज ऐकायची, तसं हे काम.

आता आकडे, डीबीएममध्ये, म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत किती डेसिबल (डीबी). २५ वॅट म्हणजे +४४ डीबीएम. चांगला रिसीव्हर ०.२ मायक्रोव्होल्टपर्यंत ऐकतो, ते होतात -१२१ डीबीएम. फरक १६५ डीबीचा. शिवाय ट्रान्समीटर स्वतःच्या फ्रीक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंना थोडा गोंगाट सांडतो, तो थेट रिसीव्हरच्या फ्रीक्वेन्सीवर येऊन पडतो. हे सगळं निस्तरायला दोघांमध्ये किमान ८०-८५ डीबीची भिंत लागते. सहा कॅव्हिटीचा डुप्लेक्सर ती देतो: तीन नळकांडी ट्रान्समीटरच्या बाजूला, तीन रिसीव्हरच्या. बदल्यात साधारण दीड डीबी खातो, म्हणजे २५ वॅटचे १७-१८ वॅट वर पोचतात. ते खुशाल जाऊ द्या.

@वाशिष्ठीकाठ, दोन अँटेनांबद्दल: एकीवर एक उभ्या लावल्या तर ८० डीबी मिळवायला दोघींत साधारण ४० मीटरचं अंतर लागतं. शेजारी-शेजारी लावल्या तर विचारूच नका. तेवढा टॉवर उभारण्यापेक्षा डुप्लेक्सर स्वस्त.

नवशिक्या_७३
मांडवातला स्पीकर डोक्यात बसला, आता परीक्षेत विचारलं तर पूर्ण गुण! धन्यवाद दादा.

घाटमाथा
माझं मत वेगळं. ७० सेंटीमीटरवर, म्हणजे ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्टीवर जा. डुप्लेक्सर हातात मावेल एवढा येतो, स्वस्त असतो, अँटेनाही लहान, म्हणजे वाऱ्याचा जोर कमी. पहिल्याच रिपीटरला २ मीटरचा डोंगर कशाला उचलायचा?

सोल्डरवाला
@घाटमाथा, मुद्दा चांगला आहे, पण त्यात एक मेख आहे. बाजारात मिळणारे ते छोटे डुप्लेक्सर ५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त अंतरासाठी बनलेले असतात. आपल्याकडे ७० सेंटीमीटरची पट्टी ४३४ ते ४३८, म्हणजे सगळी मिळून ४ मेगाहर्ट्झ. त्यात अंतर कमी ठेवावं लागतं आणि तिथे हे डुप्लेक्सर तेवढी भिंत देत नाहीत. कमी वॅटवर जमवतात लोक, पण डबा उघडला की लागला असं होत नाही.

मालगुंडकर
आणि झाडी! पावसाळ्यात ओली, दाट झाडी ४३५ मेगाहर्ट्झला जास्त खाते. आमच्याकडे आंब्याच्या बागेतून २ मीटर जेमतेम निघतं, ७० सेंटीमीटर घरामागेच अडकतं. कोकणासाठी २ मीटरच बरा.

घाटमाथा
झाडीचं मान्य. इकडे कराडच्या बाजूला उघडा माळ असल्याने तो अनुभव नाही. शहराच्या गच्चीवरच्या रिपीटरसाठी मात्र मी ७० सेंटीमीटरच सुचवेन.

डिजिटल_दिगू
२०२१ नंतरही लोक अॅनालॉग एफएमवरच अडकलेत? डीएमआर, म्हणजे डिजिटल रेडिओ घ्या. एकाच फ्रीक्वेन्सीवर दोन टाइमस्लॉट, म्हणजे एकाच वेळी दोन संभाषणं. एक रोजच्या गप्पांना, एक आपत्तीसाठी राखीव.

मी_कोल्हापूरची
दिगू, डीएमआर मला स्वतःला आवडतो, घरी आहे. पण पुराच्या दिवशी बोटीत जो मुलगा बसतो त्याच्या हातात साधा एफएम सेट असतो आणि त्याला टॉकग्रुप (बोलायचे गट), कोडप्लग (सेटमध्ये भरायची मांडणी) शिकवायला वेळ नसतो. आमच्याकडे २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी चढत असताना ज्याने पूर्वी कधी सेट धरला नव्हता अशा परवानाधारक पोरालाही "हे बटण दाबा, दोन सेकंद थांबा, मग बोला" एवढ्यावर काम करता आलं. पहिला रिपीटर अॅनालॉग हवा. दुसऱ्याच्या वेळी डीएमआरवर भांडू.

डिजिटल_दिगू
ताई, दुसऱ्याच्या वेळी मी हजर असेन, भांडायची तयारी ठेवा :)

रस्त्यावरचा_राजा
मला एक समजत नाही. हल्ली सॅटेलाइट फोन आहेत, सरकारी वायरलेस आहे, मोबाईलच्या फिरत्या गाड्या येतात. मग हौशी लोकांनी टेकडीवर डबा ठेवून नेमकं काय साधणार?

अँटेनाकाका
@राजा, रास्त प्रश्न. सॅटेलाइट फोन आपल्या देशात परवानगीशिवाय वापरता येत नाही, त्यामुळे तो गावातल्या माणसाकडे नसतो. सरकारी वायरलेस सरकारी कामात गुंतलेली असते आणि असायलाच हवी. अमक्या वाडीत दोन म्हातारी माणसं अडकलीत, डायलिसिसच्या पेशंटला हलवायचंय, हे निरोप कुणी न्यायचे?

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचं उदाहरण घ्या. भारती प्रसाद तेव्हा हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरलाच होत्या, व्हीयू४आरबीआय या कॉलसाईनने. बाकीचा संपर्क तुटलेला असताना त्यांच्या स्टेशनवरून अंदमानचे निरोप बाहेर गेले. त्या तिथे आधीपासून होत्या आणि यंत्रणा चालू होती म्हणून ते शक्य झालं.

घाटमाथा
काका, पण ते सगळं एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हवर झालं, रिपीटरवर नाही. उद्या टेकडीवर वीज पडून रिपीटर बसला तर? एचएफची एक तार आणि एक बॅटरी प्रत्येक तालुक्यात हवीच. रिपीटर झाला म्हणजे आपत्तीची सोय झाली असं चिपळूणकरांनी समजू नये, एवढंच म्हणणं.

अँटेनाकाका
शंभर टक्के. ४० मीटर पट्टीचा डायपोल (तारेची साधी अँटेना) कमी उंचीवर बांधला तर दिवसा अख्खा महाराष्ट्र पकडतो, मध्ये डोंगर असो नाहीतर नसो. रिपीटर तालुक्यापुरता, एचएफ बाहेरच्या जगासाठी. दोन्ही लागतात.

साडेसाती_दूर
कागदपत्रांबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून लिहितो. स्वतःच्या हॅम परवान्यावर रिपीटर चालवता येईल असं गृहीत धरू नका. त्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडे (रेडिओ परवाने देणारी शाखा) वेगळा अर्ज करावा लागतो. 'सरल संचार' पोर्टलवर नोंदणी करून ठेवा. जागा आणि मास्टची उंची पक्की झाली की सॅकफाच्या, म्हणजे मास्टच्या जागेला मंजुरी देणाऱ्या सरकारी समितीच्या, मंजुरीचं काय लागतं ते आधीच विचारून घ्या. क्लबच्या नावाने केलंत तर पुढे माणसं बदलली तरी कागद टिकतो.

जागामालकाकडून लेखी करार घ्या. मालक आज ओळखीचे आहेत, उद्या बाग मुलाच्या नावावर होईल. वीजबिल कोण भरणार, रात्री-अपरात्री वर जायची मुभा आहे का, हे सगळं कागदावर. टेकडी वनखात्याच्या हद्दीत नाही ना, तेही सातबारावर बघा.

लीड्सचा_लंबू
मी सध्या इंग्लंडमध्ये. इकडे रिपीटरसाठी आरएसजीबी या हॅम संघटनेच्या समितीमार्फत फ्रीक्वेन्सीचा मेळ घालतात आणि मग ऑफकॉम ही नियामक संस्था परवान्यात तशी नोंद देते. त्यातली एक गोष्ट आपल्याकडे मुद्दाम उचलण्यासारखी आहे. प्रत्येक रिपीटरचा एक 'कीपर' असतो आणि गरज पडली तर रिपीटर तत्काळ बंद करू शकतील अशी माणसं आधीच ठरवून नोंदवलेली असतात. बटण अडकून ट्रान्समीटर रात्रभर चालू राहिला तर कुणाला उठवायचं, हे आधी ठरलेलं असतं.

सोल्डरवाला
याला जोडून: कंट्रोलरमध्ये टाइम-आउट टायमर हवाच. तीन मिनिटं सलग कुणी बोललं की रिपीटर आपण होऊन गप्प. आणि दूरवरून बंद-चालू करायची सोय. साध्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एसव्हीएक्सलिंक ही आज्ञावली टाकली की टायमर, बीप, कॉलसाईन सांगणं, सगळं होतं. दोन जुने मोटोरोला मोबाईल सेट घ्या, एक ऐकायला, एक बोलायला. फक्त मोबाईल सेट सतत ट्रान्समिट करायला बनलेले नसतात, म्हणून २५ वॅटचा सेट १०-१५ वॅटवर चालवा आणि मागे पंखा लावा.

मी_कोल्हापूरची
आता पावसाळ्याचं बोलू, कारण चिपळूणला वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस आहे आणि रिपीटर हमखास त्यातच बंद पडतो.

केबल: आरजी-५८ चा विचारही नको, १०० मीटरला २० डीबीच्या आसपास खाते. अर्धा इंची हेलिअॅक्स त्याच अंतरात तीन डीबीच्या आतच. एलएमआर-४०० कितीही छान वाटली तरी रिपीटरला नको. तिच्यात अॅल्युमिनियमची पन्नी आणि वर तांब्याची जाळी असते, दोन धातू एकमेकांवर घासतात आणि एकाच केबलमधून बोलणं-ऐकणं दोन्ही चालू असताना रिसीव्हरमध्ये खरखर येते. खोलीतल्या छोट्या जोडण्यांना आरजी-२१४ किंवा आरजी-१४२.

गंज: समुद्राची हवा आहे, मास्ट गॅल्व्हनाइज्ड घ्या. गंजलेला बोल्ट किंवा सैल पत्रासुद्धा ट्रान्समीटरच्या जवळ असला की डायोडसारखा वागतो आणि गोंगाट तयार करतो. आमच्याकडे पंपाच्या खोलीचा जुना पत्रा काढल्यावर रिसीव्हर एकदम स्वच्छ झाला.

जोड: अँटेनाच्या कनेक्टरवर आधी आपोआप चिकटून एकजीव होणारी रबराची टेप, ती ताणून, खालून वर गुंडाळायची, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी कौलासारखं ओघळून जातं. तिच्यावर पीव्हीसी टेप. केबल खोलीत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, पाणी तिथून टपकेल. आणि भोकं सिलिकोनने बुजवा, नाहीतर लाल मुंग्या वीजपुरवठ्याच्या डब्यात घरं करतात. पालींचंही तेच.

मालगुंडकर
ताई, मुंग्यांचं अगदी खरं. आमच्या इन्व्हर्टरचा रिले एकदा मुंग्यांनीच बंद पाडला.

वाशिष्ठीकाठ
एवढं सगळं एका जागी कुठेच मिळालं नसतं. सगळ्यांचे मनापासून आभार. डुप्लेक्सर ठरला, २ मीटर ठरला, अॅनालॉग ठरला. विजेचं आणि बॅटरीचं काय? बागेत दर पावसात लाईट जाते, कधी कधी तीन-चार दिवस येत नाही.

सौरभ_सोलर
माझा विषय आला! ऐकताना सेट आणि कंट्रोलर मिळून ०.६ अँपिअर धरू, ट्रान्समिट करताना ७ अँपिअर. दिवसाचा दहावा भाग ट्रान्समिट धरला तर रोजचे साधारण ३० अँपिअर-तास होतात. पाच दिवस ऊन नाही असं धरा, १५० झाले. लेड-अॅसिड अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणून ३०० ची बँक. लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्के वापरता येते, म्हणून २०० पुरेल. जुलैत दिवसाला दीड तासाचंच खरं ऊन मिळतं असं समजा, म्हणजे पॅनेल ३५० वॅटच्या घरात. आणि सोलर चार्जर साधा घेऊ नका, स्वस्तातले चार्जर रेडिओत भरपूर गोंगाट करतात. तो डब्यात बंद करा, फेराइट लावा.

अँटेनाकाका
विजेवरून आठवलं, ती आकाशातली. मे महिन्यातले वळवाचे ढग सगळ्यात घातकी. फायबरग्लासच्या नळीतल्या कोलिनिअर अँटेनापेक्षा चार फोल्डेड डायपोलचा अॅरे घ्या, तो मास्टशी थेट जोडलेला असतो. केबल खोलीत येते तिथे विजेचा झटका जमिनीत वळवणारा गॅस ट्यूबचा अरेस्टर, आणि मास्ट, अरेस्टर, वीजपुरवठा या सगळ्यांचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं. जांभ्यात चांगली अर्थ मिळणं कठीण, तेव्हा एकाच खड्ड्यावर विसंबू नका. तीन-चार खड्डे घेऊन तांब्याच्या पट्टीने जोडा, आत बेंटोनाइट घाला.

नवशिक्या_७३
थोडं विषयांतर. काल पहिल्यांदा अंतराळ स्थानकाचा रिपीटर ऐकला! ४३७.८०० वर, टेप-मेजरच्या पट्ट्यांनी बनवलेल्या यागी अँटेनावर. कुणीतरी केरळचा आणि कुणीतरी श्रीलंकेचा बोलत होता. हात थरथरत होता.

घाटमाथा
वा! वर जायला १४५.९९०, टोन ६७ हर्ट्झ. डॉपलरमुळे (स्थानकाच्या वेगाने फ्रीक्वेन्सी सरकते) ४३७.८०० थोडी वर-खाली करावी लागते, येताना वर, जाताना खाली. ४०० किलोमीटर उंचीवरचा रिपीटर, त्याला झाडी आडवी येत नाही आणि मुंग्याही लागत नाहीत.

साडेसाती_दूर
आणि सॅकफापण नाही :)

यावरून एक कामाचं सांगतो. १४५.८०० ते १४६.००० हा भाग उपग्रहांसाठी आहे, रिपीटर तिथे मागू नका. टेकडीवर रिसीव्हर ठेवून निवडलेल्या दोन्ही फ्रीक्वेन्सी आधी बरेच दिवस ऐका. उंचावरून पुणे-मुंबईचंही येतं, जे खाली चिपळुणात कधी ऐकू येत नाही.

वाशिष्ठीकाठ
ताजी खबर. अँटेनाकाकांच्या सांगण्यावरून काही खरेदी करायच्या आधी टेकडीवर साधा सेट नेला. एक डायपोल बांबूला बांधून उभा केला, ५ वॅट. बाकीचे गाड्या घेऊन फिरले, हँडीवरून हाका मारत.

चिपळूण शहर, खेर्डी, पेढे उत्तम. अलोरे, शिरगावपर्यंत चाललं, कुंभार्ली घाट चढायला लागल्यावर सुटलं. परशुराम घाट ओलांडून लोट्याला चांगलं, खेड शहरात कुरकुरत. गुहागर रस्त्याला शृंगारतळीपर्यंत स्पष्ट, पण गुहागरच्या किनाऱ्यावर काहीच नाही, शेवटचा उतार आड येतो. ज्या दोघांसाठी मुख्य धडपड, तेच राहिले.

अँटेनाकाका
ही चाचणी केलीत ते फार चांगलं केलंत. आता गुहागरसाठी वॅट वाढवायचा मोह होईल, तो टाळा, डोंगराच्या सावलीत वॅट पोचत नाही. त्या दोघांनी घराच्या गच्चीवर ६-७ मीटरच्या पाइपवर अँटेना लावून, चांगल्या केबलने मोबाईल सेटवरून हाक मारावी. हँडीला जे जमत नाही ते पुष्कळदा तिथे जमतं.

लीड्सचा_लंबू
नाही जमलं तर पुढच्या वर्षी गुहागरच्या बाजूला फक्त एक रिसीव्हर बसवा आणि तो ७० सेंटीमीटरच्या लिंकने टेकडीशी जोडा. इकडे असे पुष्कळ आहेत. दुसरा रिपीटर लावण्यापेक्षा खूप सोपं. त्याचीही परवानगी मात्र आधी.

मी_कोल्हापूरची
आणि टोन? सीटीसीएसएस ठेवा, म्हणजे आवाजासोबत ठरलेला टोन आला तरच रिपीटर उघडेल, नाहीतर कुठल्याही गोंगाटाने रिपीटर उघडत बसेल. पण टोन लपवू नका. फ्रीक्वेन्सी आणि टोन लिहिलेलं कार्ड प्रत्येक हॅमच्या सेटमागे चिकटवा, तहसील कार्यालयाच्या आपत्ती कक्षातही द्या. आणि रोज संध्याकाळी पंधरा मिनिटांची नेट, म्हणजे सगळ्यांनी ठरल्या वेळी रेडिओवर जमणं, ठेवा, हजेरीपुरती का होईना. रोज वापरला तर बिघाड लगेच कळतो. वर्षभर गप्प पडलेला रिपीटर पुराच्या रात्री चालेलच याची खात्री कोण देणार?

सोल्डरवाला
@वाशिष्ठीकाठ, डुप्लेक्सर आला की मला कळवा. नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणी-यंत्रावर साधारण जुळवता येतो, पण ७० डीबीच्या खाली ते स्वतःच्याच गोंगाटात हरवतं, खाचेचा तळ दिसत नाही. शेवटचं जुळवणं सिग्नल जनरेटरवर करू: रिसीव्हरला जेमतेम ऐकू येईल एवढा सिग्नल द्यायचा आणि ट्रान्समीटर चालू करायचा. खरखर जराही वाढली नाही तर झालं. वाढली तर कॅव्हिटीच्या दांड्याचं नट सैल करून केसभर फिरवायचं, पुन्हा आवळायचं, पुन्हा ऐकायचं. आवळताना जागा सरकते, म्हणून एक दिवस तरी हाताशी ठेवा. जनरेटर मी घेऊन येतो.

वाशिष्ठीकाठ
दादा, या नक्की. राहायची सोय माझ्याकडे. मास्टचा पाया मे संपायच्या आत भरून घेतो, मृगाआधी काँक्रीट वाळलं पाहिजे. अर्जासाठी क्लबची बैठक या रविवारी आहे. साडेसातीसाहेब, जागेच्या कराराचा नमुना असेल तर व्यक्तिगत निरोपात पाठवाल का?

साडेसाती_दूर
पाठवला. दोन ठिकाणी रकाने रिकामे आहेत, बागेचा गट नंबर आणि मास्टची उंची. उंची जमिनीपासूनची आणि समुद्रसपाटीपासूनची, दोन्ही लिहा.